मागितलं तेवढंच जोडा

एकतीस वर्षं मी दुसऱ्यांच्या निविदा नापास करण्याचा पगार घेतला. ऐकायला बरं वाटत नाही, पण काम तेच होतं. एका सरकारी उपक्रमाच्या निविदा शाखेत माझं टेबल होतं. आलेले कागद अटींच्या यादीशी ताडून बघायचे, जिथं अटीत आणि कागदात एका शब्दाचाही फरक दिसेल तिथं पेन्सिलनं फुली मारायची आणि बाजूला एका ओळीत कारण लिहायचं. साहेब त्या ओळीवर डोळे मिटून सही करायचे, इतकी माझी ख्याती. फुली मारताना ज्याचा कागद आहे तो माणूस समोर नसतो, ही त्या नोकरीतली मोठी सोय. आणि खोटं कशाला बोलू, मला त्या फुल्यांचा अभिमान होता.

निवृत्त झाले तेव्हा सगळ्यांना वाटलं, ही आता नंदाखाल गावातल्या घरी केळीच्या बागेत रमेल. मला बागेतलं ओ की ठो कळत नाही. बाग भाऊ बघतो, आणि मी काही सुचवलं की तो हमखास पंप चालू करायला जातो. सहा महिन्यांत मी घरच्यांना आणि घरचे मला कंटाळले. तेवढ्यात ओळखीतून एक जण प्रतिज्ञापत्राचा मसुदा दाखवायला आला. सुरक्षारक्षक पुरवायचा त्याचा नवा धंदा होता आणि त्याला सरकारी निविदा भरायची होती. त्याचं काम झालं, त्यानं दुसऱ्याला पाठवलं, दुसऱ्यानं तिसऱ्याला. बघता बघता दर शनिवारी सकाळी आमच्या ओटीवर चार-पाच जण फायली मांडीवर घेऊन बसायला लागले. मी फी घेत नसे. वालाच्या शेंगा, कोळंबी, एकदा अख्खा फणस असं काहीबाही येई. वहिनी म्हणायची, नोकरीत असताना असं काही घरी आणलं असतंस तर आत गेली असतीस.

ही माणसं बहुतेक स्वतः कधीतरी गेटवर काम केलेली. दहा-बारा वर्षं दुसऱ्याच्या गणवेशात काढायची, मग परवाना काढून स्वतःची एजन्सी. गेट तर ते झोपेतही सांभाळतील, असं मी एकदा कौतुकानं म्हणाले आणि लगेच जीभ चावली. पण निविदेचा कागद पुढे आला की हीच धडधाकट माणसं पहिलीतल्या पोरांसारखी बावरत. एकानं प्रतिज्ञापत्राच्या जागी बायकोचं रेशनकार्ड चढवलं होतं. एकानं काम मिळावंच म्हणून किमान वेतनापेक्षा कमी दर भरला आणि बाहेर फेकला गेला. स्वस्तात दिलं तर सरकारला राग येतो का, असं तो मला खरंच विचारत होता.

त्या सगळ्यांना मी एकच मंत्र दिला होता. मागितलं तेवढंच जोडा. जास्तीचा कागद म्हणजे जास्तीचा प्रश्न. मी टेबलाच्या पलीकडे बसलेली बाई, मला ठाऊक होतं. लोक हौसेनं सत्काराचे फोटो, कुठल्या तरी नगरसेवकाचं पत्र, जुन्या परवान्याची प्रत असं काय काय जोडतात, आणि त्या जुन्या प्रतीवरचा पत्ता नव्या पत्त्याशी जुळत नाही म्हणून आमच्यासारखे त्यांना बाद करतात. मंत्र खरा होता. शनिवारच्या मंडळींनी तो पाठ केला होता.

त्यांच्यातच तो होता. खाडीकाठच्या गावातला, चाळिशीचा, घरची भातशेती असलेला. शेतीचे दोन तुकडे उरलेले, बाकी जमिनीवर इमारती. एव्हरशाईन सिटी नावाच्या वसाहतीत एका झेरॉक्सवाल्याच्या गाळ्यात अर्धं टेबल भाड्यानं घेऊन त्यानं एजन्सीची पाटी लावली होती. बाकीचे मला मॅडम म्हणत, हा दुसऱ्याच शनिवारपासून मावशी म्हणायला लागला. मला ते आवडलं, म्हणून मी त्याला जास्त रागवायची.

कामणच्या एका मोठ्या गोदामावर त्यानं नेमलेल्या अकरा बायका पहाऱ्याला होत्या. गोदामात सामान बांधायला शेकड्यानं बाया येत, त्यांची झडती घ्यायला बाईच लागते, म्हणून त्यानं आपल्या आणि शेजारच्या गावातून एकेक करून बायका जमवल्या होत्या. पहिली आली ती पन्नाशीची, पूर्वी मिठागरात राबलेली. ती आली म्हणून बाकीच्या आल्या. शर्ट-पँटचा गणवेश घालायला त्यांच्या घरच्यांनी आधी नाकं मुरडली, मग पगार येऊ लागल्यावर तीच नाकं सरळ झाली. हे मला त्यानंच हसत सांगितलं होतं.

आणि आता ते गोदाम सुटणार होतं. मालक तिथं कॅमेरे बसवत होता. महिनाअखेरीला काम बंद, एवढाच निरोप आला होता. नेमकी त्याच आठवड्यात एका सरकारी रुग्णालयाची निविदा निघाली. नाव सांगत नाही. बायकांच्या वॉर्डांसाठी महिला रक्षक असणं सक्तीचं होतं. मोठमोठ्या एजन्सीजना जवळपासच्या बायका मिळत नाहीत, ह्याच्याकडे अकरा तयार होत्या. निविदेचा कागद छापून घेऊन तो शनिवारची वाट न बघता बुधवारीच आला. बायकांना त्यानं सांगूनही टाकलं होतं की गोदाम गेलं तर जाऊ दे, आपल्याला दवाखाना मिळतोय. अजून तुझा कागद कुणी उघडलाही नाही आणि तू बारसं करून मोकळा, असं मी त्याला सुनावलं. पण अटी वाचल्या आणि मलाही आशा वाटली.

अडलं ते अनुभवाच्या अटीपाशी. तीन वर्षं अशाच स्वरूपाचं काम समाधानकारकपणे केल्याचा दाखला हवा होता, स्वतःच्या एजन्सीच्या नावानं. कामणचं गोदाम त्याच्या नावावर नव्हतंच. मूळ कंत्राट एका बड्या एजन्सीचं, हा त्यांच्या हाताखाली माणसं पुरवणारा.

"पाच वर्सं आमीच राखलं ना?" तो म्हणाला.

राखलं तुम्ही, पण कागदावर दुसऱ्यानं राखलं, असं मी त्याला सांगितलं. त्यानं बराच वेळ फायलीची दोरी गुंडाळली आणि सोडली. मला त्याच्याकडे बघवेना.

मग त्यालाच आठवलं. खाडीकडच्या एका लहान चर्चच्या शाळेचं फाटक आणि आवार गेली चार वर्षं त्याच्याकडे होतं. दोन बायका सकाळच्या पाळीला, दोघी दुपारच्या, त्याच अकरातल्या, आळीपाळीनं. हे काम थेट त्याच्या एजन्सीच्या नावानं, दरमहा चेकनं, पण त्यावर अकराजणींचं भागण्यासारखं नाही. वर्क ऑर्डर नव्हती. धर्मग्राम समितीच्या, म्हणजे चर्चच्या कारभारी मंडळींच्या, बैठकीत ठरलं, फादरांनी बोलावून सांगितलं आणि दुसऱ्या दिवसापासून काम सुरू. आम्हा ख्रिस्ती लोकांत असंच चालतं. फादरांनी सांगितल्यावर वर कागद मागणं म्हणजे अविश्वास दाखवणं.

ते फादर माझ्या ओळखीचे. मी सरकारी मराठीत चार ओळींचा मसुदा टाईप केला आणि त्याला घेऊन गेले. 'उपरोक्त एजन्सीने अमुक कालावधीत सुरक्षारक्षक पुरविण्याचे काम समाधानकारकरीत्या पार पाडले आहे,' असा. फादरांनी तो चष्मा वर करून वाचला आणि हसले. म्हणाले, बाई, यात माणूस कुठं दिसतोय? राहू दे, मी लिहितो. सकाळची मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, झाल्यावर ते निवांत असतात. आम्हाला चहा दिला आणि आमच्यासमोर बसून त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं. मग ऑफिसातल्या बाईंनी ते लेटरहेडवर टाईप केलं, सही-शिक्का झाला.

दोन वर्षांपूर्वीच्या जुलैत शाळेभोवती कमरेएवढं पाणी भरलं होतं. शंभरावर पोरं आत अडकली. त्या दिवशी पाळीवर असलेल्या बायका घरी गेल्या नाहीत, उरलेल्या हा ट्रॅक्टरवर बसवून घेऊन आला, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी शेवटचं पोर आईच्या हातात जाईपर्यंत सगळ्या तिथंच राहिल्या. फादरांनी त्या दोन दिवसांचे जादा पैसे देऊ केले तर त्यांनी घेतले नाहीत. पोरं आमचीच, म्हणाल्या. हे फादरांच्या मनात होतं. त्यांनी लिहिलं होतं, 'गेली चार वर्षे या भावाने आणि त्याच्या भगिनींनी मोबदल्याची अपेक्षा न ठेवता, निःस्वार्थ भावनेने आमच्या लेकरांची सेवा केली आहे. परमेश्वर त्यांचे भले करो.'

मी ते वाचलं. वाचताना माझे डोळे भरून आले, हे मला स्पष्ट आठवतं. त्यानं ते दोनदा वाचलं आणि घडी घालायला धजेना, तसाच छातीशी धरून बसला. आजपर्यंत त्याच्याबद्दल कुणी कागदावर चांगलं लिहिलेलं नव्हतं. परत येताना रिक्षात तो म्हणाला, आईला वाचून दाखवतो आणि मग आणून देतो.

पुढच्या शनिवारी आम्ही निविदा भरायला बसलो. पूर्वी खरेच दोन लिफाफे असायचे, लाखेनं बंद केलेले, एकात कागदपत्रं आणि एकात दर. आता सगळं संगणकावर, पण नाव लिफाफाच राहिलंय. त्याचं डिजिटल सहीचं डोंगल माझ्या लॅपटॉपला लावलं आणि एकेक कागद चढवायला सुरुवात केली. परवाना, प्रॉव्हिडंट फंडाची चलनं, प्रतिज्ञापत्र. फादरांच्या पत्रापाशी आलो तेव्हा त्यानं पिशवीतून बँकेचं पासबुक काढलं.

"मावशी, याची पानं पन लावू का? दर म्हैन्याला चर्चचा चेक आलेला हाय."

मी त्याच्याकडे न बघताच बोलले. "मागितलंय का त्यांनी?"

"नाय."

"मग ठेव आत."

त्यानं पासबुक ठेवलं. शिकवलेलं वागला. दुपारी एकच्या आत निविदा गेली, पोच आली, आणि वहिनीनं आम्हाला तळलेले गोड फुगे खायला दिले.

बारा दिवसांनी तांत्रिक लिफाफ्याचा, म्हणजे कागदपत्रांचा, निकाल संकेतस्थळावर लागला. यादीत त्याच्या एजन्सीपुढे 'अपात्र'. खाली कारण एका ओळीत. सादर केलेल्या दाखल्यानुसार काम विनामोबदला, स्वयंसेवी स्वरूपाचे असल्याने अनुभव ग्राह्य धरता येत नाही.

मी ती ओळ वाचली आणि मला पहिल्यांदा काय वाटलं असेल तर हे, की चोख लिहिली आहे. मी असते तर हीच लिहिली असती. त्यानंतर मी फादरांचं पत्र पुन्हा उघडून वाचलं. एकतीस वर्षं ज्या नजरेनं मी लोकांचे कागद वाचले ती नजर त्या दिवशी फादरांच्या ऑफिसात मी कुठं ठेवली होती, मला आजही सांगता येत नाही. 'मोबदल्याची अपेक्षा न ठेवता' हे दुसऱ्या कुणाच्या कागदात असतं तर तीन फुटांवरून दिसलं असतं. इथं मी रडत बसले. फादरांना एक वाक्य बदला म्हणणं मला जमलं नसतं असंही नाही. मला ते बदलावंसंच वाटलं नाही.

त्याला फोनवर सांगितलं. मग त्यानं विचारलं की आता पासबुक दाखवलं तर?

आक्षेप नोंदवायला दोन दिवस होते. मी आयुष्यात इतका चांगला अर्ज लिहिला नसेल. पासबुकाची पानं जोडली, फादरांचं नवं पत्र जोडलं. ते पत्र द्यायला फादर स्वतः स्कूटरवरून घरी आले होते. आपल्या एका ओळीनं कुणाचं काम गेलं हे त्यांना कळेना, आणि मला ते धड समजावताही येईना. सेवा म्हणजे सेवाच ना बाई, असं दोनदा म्हणाले. निविदेतही सुरक्षा सेवाच लिहिलंय ना, असंही त्यांनी विचारलं. मी म्हटलं, हो फादर, पण ती वेगळी. कशी वेगळी हे त्यांनी विचारलं नाही, बरं झालं.

अर्ज घेऊन आम्ही दोघं प्रत्यक्षही गेलो. तिथं निविदा बघणारी बाई माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाची, टेबलावर टोकदार पेन्सिली नीट लावलेल्या. तिनं आम्हाला बसायला सांगितलं, अर्ज पूर्ण वाचला, पासबुकाचं प्रत्येक पान उलटून बघितलं. नंतर अगदी सौम्यपणे म्हणाली की मला पटतंय, पण मुदतीनंतर आलेला कागद विचारात घेता येत नाही, आणि तुम्ही स्वतः हेच काम केलंय म्हणालात, तुम्हाला मी काय सांगू. ही बाई उर्मट असती तर मी भांडले असते. मला भांडायची सवय आहे. पण ती बरोबर होती, आणि बरोबर माणसाशी भांडता येत नाही. जिन्यावरून उतरताना तो माझा हात धरायला पुढे झाला. मला गुडघ्यांचा त्रास आहे हे त्याच्या लक्षात होतं.

काम मुंबईच्या एका मोठ्या एजन्सीला मिळालं. महिला रक्षक ती एजन्सी मुंबईहून आपल्याच आणणार होती.

महिना संपायला चार दिवस असताना त्याचा फोन आला. बायकांना सांगायचंय, तुम्ही याल का, म्हणाला. माझ्या तोंडून त्यांना पटेल, असं त्याला वाटत होतं. नाही म्हणायला तोंड नव्हतं. त्याच्या घरापुढच्या पडवीत त्या अकराजणी बसल्या होत्या. काही गणवेशातच, कामणहून सुटून थेट आलेल्या. मला एकटीला खुर्ची. मी खाली बसते म्हटलं तर कुणी ऐकेना.

मी बोलायच्या आतच त्यानं सुरुवात केली. सांगितलं की साईट हँग झाली, कॉम्प्युटरनं कागद घेतला नाही, आपलं नशीब. त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. मला वाचवत होता, फादरांनाही. बायकांनी माना हलवल्या. कॉम्प्युटरवर त्यांचा विश्वास बसतो. मी तिथंच गप्प राहिले असते तर चहा पिऊन सुखरूप घरी आले असते, आणि खरं सांगते, क्षणभर तसंच करावं असं मनात आलं.

पण मग मी सगळं सांगितलं. पत्रात काय लिहिलं होतं, ते कसं वाचलं गेलं, पासबुक लावू का म्हणून ह्यानं विचारलं होतं आणि मी नको म्हणाले होते, हे सगळं. मिठागरातली ती पन्नाशीची बाई भिंतीला टेकून ऐकत होती. माझं संपल्यावर तिनं विचारलं,

"मंग आमी चार वर्सं पैशे घेतले ते चुकलं, का पानी भरलं तवा नाय घेतले ते चुकलं?"

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. तिला खरंच समजून घ्यायचं होतं. नापासाचं कारण एका ओळीत लिहून द्यायची माझी ती ख्याती, पण तिला द्यायला माझ्याकडे ओळ नव्हती. तुमचं काहीच चुकलं नाही, मी म्हणाले. माझं चुकलं. मी ते पत्र वाचलं होतं.

माझं बोलणं तिनं ऐकून घेतलं. पदराला हात पुसावा तसा तिनं गणवेशाच्या पँटला हात पुसला.

"ते ऱ्हाऊ द्या, बाय," ती म्हणाली. "एक तारखेपासनं आमी कुठं उभं ऱ्हायाचं, तेवढं सांगा."

अकराजणी माझ्याकडे बघत होत्या. मी त्याच्याकडे बघितलं आणि तो अंगणाकडे बघत होता.